सुयांवरचं विणणं आणि ऊर्णवाभि

प्रश्न थोडक्यात असा. क्रोशात हात पक्का बसलेल्या एक ताई आता दोन सुयांवर स्वेटर शिकताहेत. शिकवणाऱ्या बाई त्याला ‘दोन सुयांचा क्रोशा’ म्हणतात. घरातले एक काका बजावतात, ‘विणणं म्हणजे मागावरचं, लोकरीचं ते गुंफणं.’ मग म्हणावं काय?

‘दोन सुयांचा क्रोशा’ साफ चूक आहे आणि हल्ली ते फार कानावर येतं. क्रोशा हा फ्रेंच ‘क्रोशे’, म्हणजे छोटा आकडा. सुईला आकडाच नाही तर क्रोशा कसला? काही जण त्याचं नातं संस्कृत ‘क्रोश’शी जोडतात. तो क्रोश म्हणजे आरोळी. आक्रोश आणि अंतराचा कोस त्याचे. लोकरीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

कामही वेगळं. साखळी असो, मुका खांब असो की खांब, क्रोशात टाका पुरा झाला की आकड्यावर एकच फास उरतो. सुयांवर अख्ख्या ओळीचे टाके उघडे असतात, आणि मधला एक निसटला की खाली शिडी पडत जाते. ती शिडी चढवायला मात्र क्रोशाची सुईच हाताशी लागते. तळाच्या सुटलेल्या फासात आकडा घालायचा, शिडीची पायरी त्यातून ओढून घ्यायची, मग तिच्या वरची, असं सुईपर्यंत. हे ताईंना इतर नवशिक्यांच्या आधी जमेल.

आता काकांचं ‘गुंफणं’. फुलं गुंफतात. बाज विणतात, चटई विणतात, टोपली विणतात. टोपलीला कुठला आलाय माग आणि आडवा धागा नेणारा धोटा? ‘विणणे’ हा संस्कृत ‘वे’, वयति या धातूच्या कुळातला. हिंदी बुनना, गुजराती वणवुं ही त्याची भावंडं. मागाची अट त्याला मराठीनं कधी घातलेली नाही.

आणि आठ पायांचा कोळी? तो जाळं विणतोच ना! त्याचं संस्कृत नाव ऊर्णनाभ. ‘ज्याच्या नाभीत ऊर्णा, म्हणजे लोकर, आहे तो’ अशी फोड टीकाकारांपासून शाळेतल्या गुरुजींपर्यंत सगळे करतात. मला ती मुळीच मान्य नाही. वैदिक वाङ्मयात ‘ऊर्णवाभि’ असं रूप आहे आणि ‘निरुक्त’ हा शब्दांच्या व्युत्पत्तीचा ग्रंथ लिहिणाऱ्या यास्कानं ज्या जुन्या आचार्यांची मतं नोंदवली, त्यांतल्या एकाचं नाव और्णवाभ. त्यातला ‘वाभ्’ म्हणजे विणणे. पुढं तो धातू लोकांच्या विस्मरणात गेला, तेव्हा ‘वाभि’ला कुणीतरी ओळखीची ‘नाभि’ चिकटवली. इंग्रजी ‘वूल’ आणि आपली ऊर्णा एकाच मुळाच्या, ‘वीव्ह’ आणि ‘वाभ्’ही तसेच. म्हणजे ऊर्णवाभि हा शब्दशः लोकर विणणारा! माग नाही, धोटा नाही, नुसता धागा. लोकरीच्या विणकामाला याहून जुना दाखला मी कुठून आणू?

मुंडकोपनिषदात ‘यथोर्णनाभिः सृजते गृह्णते च’ असं आहे. तो धागा सोडतो आणि परत घेतोही. ‘गृह्णते’ वाचताना मला उसवून पुन्हा गुंडाळलेली लोकर दिसते. तिथला संदर्भ विश्वाच्या उत्पत्तीचा आहे हे मला ठाऊक आहे, तरी ऋषींनी दृष्टान्ताला विणणाराच निवडला याला माझ्या लेखी मोल आहे. नाभीवाल्या फोडीत तो विणणाराच हरवतो, माझा राग आहे तो यासाठी.

तर ताई, ‘सुयांवर विणते’ म्हणा, क्रोशाला ‘क्रोशानं विणते’ म्हणा. काकांनी पुन्हा हटकलं तर कोळी काय करतो, एवढंच त्यांना विचारा.