सूर मधेच का तुटतो?

प्रश्न: पंचवटीतल्या आमच्या मंडळात मी जुना रोलँड जेव्ही-१०८० (कीबोर्डला जोडून वाजवायचं आवाजांचं यंत्र) वाजवतो. सिक्वेन्सरवर (आधी भरलेलं संगीत आपोआप वाजवणारं साधन) ताल आणि बेस चालू असताना स्ट्रिंग्ज (व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज) धरले की बासरीचा सूर तुटतो. यंत्र बिघडलं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही हो, यंत्र ठणठणीत आहे. त्यात पार्ट, म्हणजे एकत्र वाजणारी वाद्यं, १६, पण व्हॉइस, म्हणजे एका वेळी निघू शकणारे आवाज, सगळ्यांत मिळून ६४. एका पॅचमध्ये (एका वाद्याच्या तयार आवाजात) चारपर्यंत टोन (आवाजाचे थर) असतात आणि दर सुराला प्रत्येक टोन एक व्हॉइस घेतो. चार टोनच्या स्ट्रिंग्जवर चार बोटांचा कॉर्ड धरलात की १६ गेले. सूर धरून ठेवणारं पेडल न सोडता पुढचा घेतलात, ३२! मग ताल, बेस आणि बासरीला काय उरणार? व्हॉइस संपले की यंत्र चालू असलेला एखादा सूर तोडतं.

परफॉर्मन्समध्ये (सगळ्या पार्टांच्या एकत्र मांडणीत) ‘व्हॉइस रिझर्व्ह’ शोधा आणि बासरीच्या पार्टला तिच्या टोनांपुरते व्हॉइस राखून ठेवा. स्ट्रिंग्जचे दोन टोन बंद करा. मांडवातल्या गलक्यात फरक कळत नाही. रिलीज, म्हणजे बोट उचलल्यावर सूर रेंगाळण्याचा वेळ, कमी करा. सूर कोरडे वाटले तर रिव्हर्ब (घुमारा) वाढवा, त्याला व्हॉइस लागत नाहीत.

कालिदास कलामंदिरात माझाही बेस ऐन अंतऱ्यात गेला होता. पेडलवरचा पाय मी उचललाच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक कॉर्डला पेडल सोडून पुन्हा दाबतो.