घरात काही कमी नाही, मग ती उदास का?

“मॅडम, हिला आम्ही काही कमी पडू दिलं नाही, मैत्रिणीही होत्या. मग ही अशी का वागते? वयच तसं आहे ना?” माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या 15 वर्षांच्या मुलीच्या आईने विचारलेला हा प्रश्न बहुतेक पालकांच्या मनात असतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

किशोरवयातील नैराश्य पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपात समोर येते, त्यामुळे पालक त्याला उद्धटपणा समजतात. या मुलीची झोप दीड महिन्यापासून बिघडली होती आणि आवडीची चित्रकलाही सुटली होती. अशी लक्षणे दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, तर ती वयावर ढकलू नयेत.

बोलणे सुरू व्हावे म्हणून मी तिला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची 1965 ची, दहा विधानांची आत्मसन्मान मापिका (स्वतःविषयी काय वाटते हे पाहणारी प्रश्नावली) दिली. या मापिकेने नैराश्याचे निदान होत नाही. आपल्यात चांगले गुण आहेत, अशा आशयाच्या विधानापाशी तिचे पेन थांबले. तिने हळूच विचारले, “इथे आईने जे लिहिलं असतं, ते लिहू का?”

त्या घरात माया होती, परंतु संवाद परीक्षेतले गुण आणि मोठ्या भावाशी तुलना यांपलीकडे जात नसे, आणि आता मुलगी स्वतःच मनातल्या मनात तशी तुलना करू लागली होती. त्यातच जिवलग मैत्रीण दुसऱ्या गटात गेली. भक्कम आत्मसन्मान असलेल्या मुलीलाही हे लागले असते. हिने मात्र “मी आहेच कंटाळवाणी” असा स्वतःविरुद्ध निवाडा केला, मग निरोपांना उत्तरे देणे सोडले आणि उरलेल्या मैत्रिणीही दुरावल्या. म्हणूनच केवळ पालकांना दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

जीव नकोसा होतो का, हे मी तिला थेट विचारले. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मूल मोकळे होते. “कधी कधी,” ती म्हणाली. तिला विश्वासात घेऊन मी त्याच दिवशी पालकांशी बोलले, तिला एकटे न ठेवण्यास आणि घरातील औषधे कुलुपात ठेवण्यास सांगितले आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवली.

उपचारांसोबत घरी रोज पंधरा मिनिटे अभ्यासाचा विषय न काढता बोलायचे ठरले. वडिलांना हे फार जड गेले. पहिला आठवडा ते नुसते तिच्याजवळ बसून राहिले. मुलीने पूर्ण गट परत मिळवण्याचा नाद सोडून एकाच जुन्या मैत्रिणीला निरोप पाठवला. आठव्या भेटीत आई म्हणाली, “काल माझ्यावर चिडली, पण नंतर येऊन का चिडले ते सांगितलं.”