ओरडून झाल्यावर तिला काय कळलं?

प्रश्न : ताई, मी आठशे मीटरच्या धावपटूंना शिकवतो. माझे स्वतःचे कोच फार कडक होते, बोलणी खाऊनच मी घडलो. माझ्या गटात सोळा वर्षांची एक मुलगी आहे, सगळ्यांत गुणी. दोन महिने झाले, तिची वेळ जागची हलत नाही. काही सांगितलं की मान खाली घालून ‘हो सर’ म्हणते, बास. मध्ये आठवडाभर मुद्दाम गोड बोलून पाहिलं, तर अख्खा गट ढिला पडला. ओरडावं की गोंजारावं?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुमच्या आवाजाबद्दल बरंच आहे, पण ती शर्यतीत नेमकी कुठे मागे पडते, हे कुठेच नाही. मला वाटतं अडचण तिथेच आहे.

मी लांब उडी मारायचे. तिच्याच वयाची असताना माझे फाऊल फार व्हायचे, म्हणजे उडीच्या पट्टीपुढे पाय पडायचा. कोच लांबून ओरडायचे, “परत फाऊल! लक्ष कुठंय?” लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे असायचं, दुसरीकडे कुठे असणार? रनअप घेतानाच पोटात गोळा यायचा. पुढे दुसरे कोच मिळाले. पहिल्या दिवशी त्यांनी तीन उड्या नुसत्या पाहिल्या आणि विचारलं, “शेवटची दोन पावलं कशी पडतायत?” मला उत्तरच देता येईना, कारण असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. ते थांबून राहिले. शेवटी मी म्हटलं, “कोंबल्यासारखी वाटतात.” त्यांनी माझी रनअप सुरू करायची खूण एक फूट मागे सरकवली. तेवढंच. हे सर गोडबोले मुळीच नव्हते, उशिरा आलं तर सरळ घरी पाठवायचे. पण त्यांच्या प्रत्येक बोलण्यातून पुढच्या उडीत काय करायचं ते कळायचं.

बास्केटबॉलचे अमेरिकन कोच जॉन वुडन यांच्या संघाने दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. 1974-75 च्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाला बसून त्यांचं बोलणं-वागणं टिपलं. 2,326 नोंदी झाल्या. त्यांतल्या निम्म्या निव्वळ सूचना होत्या : काय करायचं, कसं करायचं. कौतुक जेमतेम 7 टक्के, नाराजीही साधारण तेवढीच. चूक दिसली की ते बरोबर कृती करून दाखवत, मग चुकलेली, मग पुन्हा बरोबर. काही सेकंदांत विषय संपायचा.

म्हणून ओरडणं की गोंजारणं, या पेचातून बाहेर या. तुमच्या त्या गोड आठवड्यात मुलांना बहुधा ‘छान, छान’ एवढंच ऐकू आलं. कशाला छान म्हणतोय ते कळलं नाही की काहीही चालतं असं वाटतं, मग गट ढिला पडणारच.

आणि बोलणी खाऊन घडलो म्हणता, तर तुमच्याबरोबर सुरुवात केलेले किती जण ग्राउंड सोडून गेले ते आठवून बघा. ते मला पत्र लिहीत नाहीत. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही कोचना प्रोत्साहन देत, नीट सूचना देत बोलायला शिकवलं होतं. पुढच्या हंगामात त्यांच्याकडची 5 टक्के मुलं गळली, बाकीच्या कोचकडची 26 टक्के. सामने जिंकण्या-हरण्यात फरक नव्हता. फरक होता तो मुलं परत येण्यात.

आता या मुलीचं. दर 200 मीटरला तिची वेळ घ्या. पहिले 200 फार जोरात जात असतील तर सहाशेला पाय जड होणारच, आणि तिथे “पळ, पळ!” ऐकलं की खांदे वर चढतात, मुठी आवळल्या जातात. त्याऐवजी फक्त “खांदे सैल” म्हणा. धावल्यावर तिचा श्वास बसू द्या, गटापासून बाजूला घेऊन विचारा, “कुठे जड झालं?” ती ‘माहीत नाही सर’ म्हणेल. गप्प राहा. तिच्या वतीने उत्तर देण्याचा मोह आपल्याला फार होतो, मलाही होतो, पण तो आवरा. आठवड्यातून एकदा निवड तिच्यावर सोपवा : आज 200 चे आठ की 400 चे चार? अंतर तेवढंच, पण ठरवलेलं तिचं असेल.

एक मात्र टाळू नका. या वयाच्या मुलींमध्ये वेळ अडकण्यामागे लोह कमी असणं, अपुरी झोप किंवा अपुरं खाणंही असू शकतं. घरच्यांशी बोलून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, म्हणजे अशक्तपणाला आपण आळस म्हणणार नाही.

सहा आठवडे करून बघा आणि तिच्या 200-200 च्या वेळा लिहून पाठवा. ‘कुठे जड झालं’ याचं तिने दिलेलं उत्तरही, तिच्याच शब्दांत.