उत्तर: हंगामी पगारात वर्ष कसं काढायचं, आणि बँकेतली ती 'बचत योजना'

ताई, तुमची पोस्ट काल वाचली. यजमान साखर कारखान्यात हंगामी कामगार, तुमचं शिवणकाम, दोन शाळकरी मुलं, बहात्तर वर्षांच्या सासूबाई, वर्षाचे सगळे मिळून सव्वादोन लाख आणि महिन्याचा हिशोब काही केल्या बसत नाही. खाली बऱ्याच जणांनी चहा-साखर, मोबाईलचा रिचार्ज, बाहेरचं खाणं यावर सल्ले दिलेत. त्यात मी भर घालत नाही. सव्वादोन लाखांत पाच माणसांचं घर चालवणाऱ्या बाईला साखर किती घालावी हे शिकवायची गरज नसते.

माझी नजर अडली ती तुमच्या शेवटच्या ओळींवर. यजमानांच्या पगारवाढीच्या करारातल्या फरकाचे 50 हजार आलेत, बँकेतले साहेब म्हणाले एफडीपेक्षा चांगली 'बचत योजना' आहे, फॉर्मवर सह्या झाल्यात, कागद घरी येतील. तुम्ही हे अगदी जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महागडी गोष्ट हीच आहे.

आमचे हेही हंगामीच. गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू झालं की पगार सुरू, पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला की नुसतं रिटेन्शन, म्हणजे बंद काळातला थोडा भत्ता, तोही मिळेल तेव्हा. अशा घराला महिन्याचं बजेट बसत नाही आणि बसवायच्या नादी लागूही नये. वर्षाचंच करावं. एप्रिल-मेमध्ये गहू-डाळ, जूनमध्ये फी, वह्या, गणवेश, मग गणपती, दिवाळी, मार्चमध्ये घरपट्टी-पाणीपट्टी. हे आधी बाजूला काढायचं आणि उरेल त्याला बारानं भागायचं. आपण नेमकं उलटं करतो. महिन्याचं आधी भागवतो आणि जून आला की कुणाकडे मागायचं याचा विचार करत बसतो. म्हणजे आपल्याला खरी गरज असते ती पाऊस लागायच्या सुमाराला हाताशी येतील अशा पैशांची. दोन टक्के व्याज कमी मिळालं तरी चालेल, पैसे वेळेला मिळाले पाहिजेत.

2019 मध्ये आमच्याकडेही असाच फरक आला होता, 60 हजार. मी बँकेत गेले एक वर्षाची एफडी करायला. कोणती बँक ते लिहिणार नाही, कृपया विचारू नका. काउंटरवरून मला आत पाठवलं. आत टाय लावलेला मुलगा, फार गोड बोलणारा. 'काकू, एफडीच आहे ही, फक्त व्याज जास्त आणि वर विमा फुकट. एक फोन येईल, सगळ्याला हो म्हणा.' तो मुलगा बँकेचा नव्हताच, विमा कंपनीने शाखेत बसवलेला माणूस होता, हे फार नंतर कळलं. घरी जे जाडजूड पाकीट आलं त्यात एफडीची पावती नव्हतीच, विम्याची पॉलिसी होती, आणि तीत लिहिलं होतं: दर वर्षी 60 हजार, सात वर्षं भरायचे, रक्कम मिळणार पंधराव्या वर्षी. तेव्हा आमचं वर्षाचं उत्पन्न पावणेदोन लाख!

पॉलिसी हातात पडल्यापासून ठरावीक दिवसांत ती परत करता येते. त्याला 'फ्री लूक' म्हणतात. तेव्हा साधारण 15 दिवस होते, 2024 पासून 30 दिवस झालेत. स्टॅम्प ड्युटी, तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा आकार कापून बाकी पैसे परत द्यावे लागतात. मला हे पाकिटातल्याच कागदावर सापडलं, म्हणून लगेच शाखेत गेले. साहेब रजेवर. मग सर्व्हर डाऊन. मग 'हे आमच्याकडे येत नाही, कंपनीला कळवा'. कंपनीला फोन लावला तर 'जिथून घेतली त्या शाखेतच अर्ज द्या'. अर्ज दिला तर ठेवून घेतला, पण पोच द्यायला नकार. 'आमच्याकडे तशी पद्धत नाही.' खात्यात शंभर रुपये कमी पडले तर दंड कापायची पद्धत आहे, पोच द्यायची तेवढी नाही! आजही हे लिहिताना डोकं तापतं. दिवस जावेत म्हणूनच तो सगळा फिरवाफिरवीचा खेळ होता असं माझं ठाम मत आहे. सिद्ध करता येणार नाही, पण मत आहे.

युनियनमधल्या एका जुन्या माणसाने सांगितलं, शाखेचा नाद सोडा आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला रजिस्टर एडीने अर्ज पाठवा. पाठवला. पुढे कंपनीने लिहून दिलं की मुदतीत अर्ज मिळालाच नाही, आणि शाखेनेही तेच सांगितलं. शेवटी पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, तक्रार केली. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीतून केला तरी चालला. तिथे उपयोगी पडलं ते फक्त एडीचं सहीशिक्क्याचं कार्ड. पैसे परत आले, पण व्याज नाही आणि वर्ष उलटून गेल्यावर. मधल्या ऑफ सीझनला आम्ही शेकडा तीनने 40 हजार उचलले होते. म्हणजे महिन्याला 1200 रुपये नुसतं व्याज. त्यापुढे चहा-साखरेतली बचत किती, तुम्हीच सांगा.

तेव्हा तुम्ही आता काय करायचं? एक तर फॉर्मवर ईमेल कोणाचा टाकलाय ते आधी बघा. पॉलिसी मेलवर आली तरी मुदत तिथूनच सुरू होते, आणि आपल्याकडे तो मेल उघडून बघणारा कोणी नसतो. पाकीट आलं तर पोस्टमन किंवा कुरिअरवाला कोणत्या तारखेला आला ते लिहून ठेवा, पाकीट फेकू नका. अर्ज चार ओळींचाच करा: पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करून रक्कम परत करावी, खाते क्रमांक. कारण म्हणून 'मुदत ठेव सांगून विमा दिला' एवढंच लिहा, रामायण नको. कंपनीला मेल करा आणि पोस्टानेही पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे आता स्पीड पोस्टच करा आणि पोहोचल्याची पोच मागून घ्या. शाखेत जायचं तर जा, पण तिथल्या शब्दावर एक दिवसही घालवू नका.

कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही किंवा नकार दिला तर विमा लोकपाल. नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. त्याआधी विम्याच्या सरकारी नियामकाच्या 155255 वर किंवा 'विमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवून ठेवा. बँकेच्या वागणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडेही जाता येतं, माहितीसाठी 14448. मुदत गेलीच असेल तर लाजेखातर दुसरा हप्ता भरू नका, आधी कोणाला तरी कागद दाखवा. ऑक्टोबर 2024 पासून नव्या पारंपरिक पॉलिसींना एक वर्ष पूर्ण झाल्यावरही सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्याचे, काही पैसे मिळतात. युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी, असेल तर पैसे पाच वर्षं अडकतात, ते वेगळं प्रकरण.

मी वकील नाही, सल्लागारही नाही. तुमच्या कागदात काय आहे हे न बघता लिहितेय, हे लक्षात असू द्या. विमाच नको असंही माझं म्हणणं नाही. यजमान पन्नाशीच्या आत असतील तर बँकेतूनच 436 रुपयांची जीवनज्योती (आयुर्विमा) आणि 20 रुपयांची सुरक्षा विमा योजना (अपघात विमा) घ्या. वर्षाचे दोन्ही हप्ते मेअखेरीस आपोआप कापतात, तेवढे खात्यात राहू द्या. बँकेतला माणूस या दोन्हींचं नाव स्वतःहून कधीच काढत नाही, का ते समजून घ्या.

पन्नास हजार परत आले की एकच एफडी करू नका. दहा-दहाच्या पाच पावत्या करा. मध्येच नड आली तर एकच मोडायची, बाकीच्यांचं व्याज शाबूत राहतं. पावतीवर 'मुदत ठेव' छापलेलं स्वतः वाचल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. पतसंस्था टक्काभर जास्त देते हे मला माहीत आहे. पण बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. ज्यांची पतसंस्था चांगली चाललीय त्यांनी इथे भांडायला येऊ नये, मी फक्त एवढंच सांगतेय. भिशीबद्दल विचारलंय तर गल्लीतली, ओळखीची, लहान रकमेची ठीक. जूनची फी मात्र त्यावर अवलंबून ठेवू नका.

गव्हाचं विचारलंत. रेशनचा धरून चार-पाच माणसांना दीड-पावणेदोन क्विंटल वर्षाला पुरतो, पण रेशनवर किती मिळतो ते आधी वजा करा, नाहीतर दिवाळीनंतर पोरकिडे पोसत बसाल. कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा, मध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात. वर्षाची साखर, तेल मात्र भरून ठेवू नका. घरात दिसलं की हात सैल सुटतो, निदान आमच्याकडे तरी.

सासूबाईंच्या दवाखान्यासाठी वेगळे पैसे काढताय असं लिहिलंय. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, यादीतल्या रुग्णालयात भरती झाल्यास वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार. उत्पन्नाची अट नाही, आधार कार्ड पुरतं. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, त्या जनऔषधी दुकानातून घ्या. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्यायचं, म्हणजे दुकानात शोधाशोध होत नाही.