आरोग्य विम्यात अपघात कव्हर होतो का? पॉलिसी घेऊन जेमतेम 12 दिवस झालेत, घोडबंदर रोडवर बाईक घसरली

हो, होतो. नव्या पॉलिसीला सुरुवातीचे 30 दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही, पण अपघाताला ती अट लागू नाही. त्यामुळे 12 दिवसांचं टेन्शन घेऊ नका. ॲडमिट झाला असाल तर टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) आजच कळवा आणि केस पेपरवर 'बाईक घसरून पडल्याने' असं कारण स्पष्ट लिहून घ्या. माझ्या भावाच्या कागदावर नुसतं 'पायाला सूज' लिहिलं होतं. ते दुरुस्त करून घेण्यात आठवडा गेला. एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली अपघाताची नोंद) झाली असेल तर तिची प्रत जपून ठेवा. दारू पिऊन गाडी चालवली असेल तर मात्र क्लेम अडकू शकतो.

आता महत्त्वाचं. मेडिक्लेम फक्त हॉस्पिटलचं बिल भरतो. तीन महिने प्लास्टरमध्ये घरी बसलात तर बुडालेला पगार त्यातून मिळत नाही. कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू आला तर एकरकमी पैसे देते ती वैयक्तिक अपघात पॉलिसी, ती वेगळी घ्यावी लागते. निदान बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी सुरू करा: वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख.