ताप कोणत्या दिवशी आला, ते आधी सांगा

प्रश्न : थायलंडहून परतल्यावर चार दिवसांनी ताप भरला. दुसऱ्याच दिवशी डेंग्यूची आयजीएम केली, निगेटिव्ह आली. निर्धास्त राहू ना?

उत्तर : नको. चाचणी घाईत झाली. आयजीएम प्रतिपिंडं रक्तात दिसायला तापाचा साधारण पाचवा दिवस उजाडतो. तोवर विषाणूच रक्तात असतो, म्हणून आधी एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी) किंवा आरटी-पीसीआर (विषाणूची जनुकं शोधणारी) चाचणी करायची. पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल तर एनएस-१ लवकर नाहीसा होतो, आयजीएमही क्षीण येते. एका निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका. तापाला पॅरासिटामॉलच, अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको. आणि ताप उतरला की लोक डबा घेऊन ऑफिसला निघतात! खरा धोका त्याच एक-दोन दिवसांत असतो. पोट सतत दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मुलगा जर्मनीत असतो. दिवाळीला येऊन गेला, परतल्यावर तीन आठवड्यांनी ताप आला. डेंग्यू आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. डेंग्यूच ना?

उत्तर : बहुधा नाही. डास चावल्यापासून चौदा दिवसांच्या आत डेंग्यूचा ताप येतो. आयजीजी, म्हणजे संसर्गानंतर रक्तात उरणारी प्रतिपिंडं, वर्षानुवर्षं टिकते, लहानपणचा डेंग्यूही त्यात दिसेल. शिवाय पिवळा ताप किंवा जपानी मेंदूज्वराची लस घेतली असेल तरी ही चाचणी फसते. मलेरिया तपासलाय का? त्याचा व्हायवॅक्स हा प्रकार महिन्यांनीही डोकं वर काढतो. मुलाला आजच विचारा.

प्रश्न : नवरा ब्राझीलहून आलाय. मूल हवंय. झिकाची चाचणी करून घेऊ?

उत्तर : चाचणीपेक्षा थांबणं बरं. झिका हा डासांतून पसरणारा, गर्भाला घातक विषाणू वीर्यात टिकतो. नवरा परतल्यापासून तीन महिने निरोध वापरा. रक्त निगेटिव्ह आलं तरी ही मुदत कमी होत नाही. आणि झिका फक्त ब्राझीलचा नाही, २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरलाही सापडला होता.

प्रश्न : साइटवरचे मजूर झारखंडहून परतले की तापतात. सगळ्यांची डेंग्यू टेस्ट करू? रोग तेच आणतात.

उत्तर : ताप असलेल्यांचीच करा, आणि आधी मलेरियाची; सरकारी दवाखान्यात मोफत होते. 'आणतात' मात्र पटत नाही. मजुराच्या रक्तात विषाणू असला तरी तो पसरवायला एडिस डास लागतो, आणि तो तुमच्याच उघड्या पिंपात, स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो. दर शनिवारी पिंपं घासून कोरडी करा.