४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का? तिच्यात एवढं विशेष काय?

मूळ नाही. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. हे दोन्ही अवयव मात्र मूळ आहेत. एवढ्यावर उत्तर संपवलं तर या संख्येवर अन्याय होईल, म्हणून पुढचं लिहितो.

ही संख्या म्हणजे २^३२ + १. इथला घातांक ३२ हा स्वतःच २ चा घात आहे. अशा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. त्यातल्या पहिल्या पाच, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, मूळ आहेत. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं मत फ्रेंच गणिती पियेर द फर्माने १६४० मध्ये पत्रांतून मांडलं. सहावी म्हणजे आपली ही. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तिचा ६४१ हा अवयव दाखवला आणि फर्माचा तर्क तिथेच ढासळला.

२, ३, ५, ७ असं एकेका मूळ संख्येने भागत गेलात तर ६४१ येईपर्यंत शंभरावर भागाकार होतात. त्याची गरजच नाही. समजा p या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. मग p ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), म्हणून २^६४ ची बाकी १ येते. त्याआधीच्या कुठल्याही घाताची १ येत नाही. आता फर्माचं छोटं प्रमेय लावा. ते सांगतं की २^(p − १) ला p या विषम मूळ संख्येने भागल्यावर बाकी १ च येते. म्हणून p − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. म्हणजे उमेदवार उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्याच प्रयत्नात सापडतो! हा नियम पुढे ऑयलरनेच सिद्ध केला. मला हळहळ याची वाटते की ते प्रमेयही फर्माचंच, तेही १६४० चंच. हत्यार त्याच्याच हातात होतं.

भागाकार न करताही ६४१ ची खात्री पटते, आणि हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा. पहिल्यावरून, ६४१ ने भागता ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. −२^३२ ची बाकी १ आली, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो. कागदावर एकदा स्वतः करून पाहाच.

आणखी एक गंमत. आपल्या संख्येतून २ वजा केले की ४,२९,४९,६७,२९५ उरतात, आणि तो बरोबर ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ हा गुणाकार आहे. सामाईक अवयव असता तर त्याने या २ लाही भाग गेला असता, पण या सगळ्या संख्या विषम आहेत; म्हणून आपल्या संख्येचा आधीच्या पाचांशी एकही सामाईक अवयव नाही. शिवाय केवळ पट्टी आणि कंपासने काढता येणाऱ्या, विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांपैकी आजवर माहीत असलेला सर्वांत मोठा याच ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा आहे. अशा बहुभुजाच्या बाजूंची संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांच्या गुणाकारातूनच येते, म्हणून त्याहून मोठा हवा असेल तर सहावी मूळ फर्मा संख्या सापडायला हवी. ती अजून कुणाला सापडलेली नाही.